पिस्ताहान : दोन दिवसांचं गाव

‘‘शनिवारी काय करतेयस?’’

‘‘कपडे धुणार. घरी फोन. मग झोप.’’

‘‘कॅन्सल! शनिवारी तू माझ्याबरोबर जेवायला येतेयस. आणि नाश्ता करून येऊ नकोस.’’

हे फर्मान सोडणारी बाई म्हणजे क्लायंटच्या ऑफिसातली टेस्टिंगची हेड. वय पन्नाशीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट आणि दरारा असा की रिलीजच्या आदल्या दिवशी भलेभले मॅनेजर तिच्या डेस्कवरून मान खाली घालून जातात. ऑफिसातली सगळी फिलिपिनो मंडळी तिला ‘आते’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फिस्सकन हसलेच. म्हटलं, आमच्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण! तर त्यांच्या तागालोग भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. मोठा भाऊ तो कुया. मावशी, काकू, आत्या सगळ्या तिता. आजी म्हणजे लोला, आजोबा लोलो. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, आधी नातं लावायचं. बॉस, ही तर आपलीच माणसं!

तीन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी मी सॅन फ्रान्सिस्कोत होते. आता ऑनसाइटचं ग्लॅमर किती दिवस टिकतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गोल्डन गेट झाला, केबल कारला लटकून फोटो झाला, युनियन स्क्वेअरला विंडो शॉपिंग झालं. मग उरतं काय? भाड्याची खोली, फ्रोझन पराठे आणि साडेबारा तास पुढे असलेलं घर. अशात कुणी ‘जेवायला ये’ म्हटलं तर नाही म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आमंत्रण होतं ‘पिस्ताहान’चं. नाव ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आधी पिस्ते-बदामच आले. पण त्यातला ‘पिस्ता’ म्हणजे स्पॅनिश ‘फिएस्ता’. जुन्या तागालोगमध्ये ‘फ’ नव्हताच, म्हणून फिएस्ताचा पिस्ता झाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलिपिनो लोकांची ही जत्रा १९९४ पासून भरते, ऑगस्टमध्ये. शनिवारी मार्केट स्ट्रीटवरून परेड आणि मग दोन दिवस येरबा ब्वेना गार्डन्समध्ये खाणं, गाणं, नाच. एण्ट्री फुकट. मी गेले ती २०२४ ची.

आधी पोटोबा

पॉवेल स्टेशनला उतरून फोर्थ स्ट्रीटने चालत निघालं की पाच-सात मिनिटांत येरबा ब्वेना गार्डन्स येतं. एका बाजूला मॉडर्न आर्टचं म्युझियम, दुसऱ्या बाजूला मल्टिप्लेक्स, जमिनीखाली कॉन्फरन्सचे अवाढव्य हॉल आणि मधोमध हिरवंगार लॉन. एरवी इथे गळ्यात आयडी कार्ड घातलेली मंडळी सॅलड खात बसलेली दिसतात. त्या दिवशी मात्र रस्ता ओलांडायच्या आधीच वास आला. कोळशावर भाजलेल्या मांसाचा, लसणाचा आणि आंबटसर व्हिनेगरचा. अस्सा वास मला सॅन फ्रान्सिस्कोत महिनाभरात आला नव्हता. एकदम मालवणी जत्रोत्सवाच्या गेटवर उभं असल्यासारखं वाटलं.

आते छत्री, घडीची खुर्ची आणि रिकामे डबे घेऊन हजर! ‘‘डबे कशाला?’’ तर म्हणे, उरलेलं घरी न्यायला. मी मनातल्या मनात लोटांगण घातलं. लग्नाच्या पंगतीनंतर पिशवी उघडणारी आमची मावशी आठवली.

रांगा मोठ्या होत्या. पहिल्या स्टॉलपर्यंत पोचायला अर्धा तास गेला. पण त्या अर्ध्या तासात पुढच्या आजीने मला दोनदा विचारलं, ‘कुमाइन का ना?’ आतेने अर्थ सांगितला, ‘जेवलीस का?’ फिलिपिनो माणूस भेटला की ‘हाऊ आर यू’च्या आधी हे विचारतो. आपल्याकडे गावी कुणाच्याही ओसरीवर पाय ठेवा, पहिला प्रश्न काय असतो?

पहिली डिश, अदोबो. चिकन किंवा पोर्क, भरपूर लसूण, तमालपत्र, अख्खी मिरी, सोया सॉस आणि व्हिनेगर. बस्स. व्हिनेगरमुळे मटण टिकतं, म्हणून उष्ण हवेत हा उपाय स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथे होता. नाव मात्र स्पॅनिशांनी दिलं. पहिला घास घेतला आणि मेंदूत टय़ूब पेटली. अरे, हा तर गोव्याच्या विंदालूचा मसाला न घातलेला भाऊ! तिथेही पोर्क, लसूण आणि व्हिनेगर. गोव्यात पोर्तुगीज, फिलिपिन्समध्ये स्पॅनिश. शेजारच्या दोन देशांतून दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर आलेले दोन राज्यकर्ते. मागे ठेवून गेले चर्च, आडनावं आणि आंबट पोर्क.

हे गोव्याचं प्रकरण तिथेच थांबत नाही. बिबिंगका नावाचा तांदूळ-नारळाचा केक आला. केळीच्या पानावर ठेवून खाली निखारे, वर निखारे, अशा दुहेरी धगीत भाजतात. आपली गोव्याची बेबिंका? तीही वर निखारे ठेवूनच भाजतात! चव वेगळी, थर वेगळे, पण नाव ऐकून मी ‘आमच्याकडेही आहे!’ असं इतक्या जोरात ओरडले की स्टॉलवरच्या तिताने एक तुकडा जास्तीचा दिला.

मग लुंपिया, म्हणजे बोटाएवढे खमंग रोल. मग पान्सित, शेवयांसारख्या नूडल्स. वाढदिवसाला खातात, कारण लांब नूडल म्हणजे लांब आयुष्य. मग सिसिग. डुकराच्या डोक्याचं मांस बारीक चिरून तव्यावर कुरकुरीत करतात, वर कलामान्सी नावाच्या इवल्याशा लिंबाचा रस. सोबत ‘आत्सारा’, कच्च्या पपईचं लोणचं. आत्सारा, आचार... कळलं ना?

आणि जांभळा रंग! आइसक्रीम जांभळं, केक जांभळा, बन जांभळे. त्या रंगाचं नाव उबे. जगभरच्या कॅफेंमध्ये सध्या जी फॅशन झालीय ती. म्हटलं, फूड कलर असेल. आतेने सांगितलं, तो कंद आहे. फोटो दाखवला आणि मी चाट! अहो, हे तर आपलं कोनफळ. उंधियूत पडतं ते. आमच्या आजीने आयुष्यभर चुलीत भाजून खाल्लं आणि आम्ही नाक मुरडलं. तेच इथे डॉलर मोजून खायचं.

एक पराभव मात्र प्रामाणिकपणे नोंदवते. बलूत. बदकाचं अंडं, दोन-अडीच आठवडे उबवलेलं, आत पिल्लू तयार होत असतानाच उकडलेलं. मनिलाच्या रस्त्यांवर संध्याकाळी टोपल्या घेऊन विकतात. ते चटाचट संपवण्याची स्पर्धा ही पिस्ताहानची जुनी ओळख. आतेने सोबत आणलेलं एक अंडं माझ्या हातात ठेवलं. टोकाला भोक पाडायचं, आतला रस प्यायचा, मग मीठ-व्हिनेगर. रस प्यायले. चक्क छान लागला, चिकन सूपसारखा. पिवळा भागही खाल्ला. मग आत बघितलं... आणि अंडं निमूटपणे आतेला परत दिलं. तिने डोळेही न मिटता संपवलं. ‘‘पुढच्या वर्षी,’’ ती म्हणाली.

गाणं सुरू होतं

दुपारी लॉनवर पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर आधी कुलिंतांग. लाकडी चौकटीत ओळीने मांडलेली आठ पितळी वाद्यं, मधोमध गाठ असलेल्या उलट्या वाट्यांसारखी. दिसायला आपल्या जलतरंगाचं धातूचं भावंडं. हे वाजतं दक्षिणेकडच्या मिंडानाव बेटावर, जिथे मुस्लिम समाज मोठा आहे आणि स्पॅनिश सत्ता कधी पुरती रुजलीच नाही. मग बांबूंचा नाच, तिनिकलिंग. दोघे जण जमिनीवर बांबू आपटत मिटवतात-उघडतात आणि नाचणारे त्यातून पाय वाचवत उड्या मारतात. मिझोरामचा चेराव तुम्ही २६ जानेवारीच्या परेडमध्ये पाहिला असेल, त्याच जातीचा. नंतर पब्लिकला बोलावलं. मी गेले. घोट्यावर दोन वळ उठले. पण धमाल!

एकामागून एक बँड सुरू झाले तसं कळलं की या समाजात गाता न येणं हा बहुधा गुन्हा असावा. स्टेजवरचा गायक थांबला तरी लॉनवरचे लोक थांबेनात. आते म्हणाली, आमच्याकडे घरात फ्रिज नसेल एक वेळ, कॅराओके असतं. जर्नी हा बँड माहितेय ना? १९७३ मध्ये इथे सॅन फ्रान्सिस्कोतच सुरू झाला. २००७ मध्ये त्यांना नवा गायक हवा होता, तेव्हा यूटय़ूबवर कव्हर गाणी गाणारा मनिलाचा अर्नेल पिनेडा त्यांना सापडला. तो त्यांचा मुख्य गायक झाला. बँडने जर्नीचं गाणं सुरू केलं तेव्हा माझ्या शेजारच्या सत्तरीच्या लोलाने जी तान मारली, ती ऐकून मी तिलाच रिअ‍ॅलिटी शोमध्ये पाठवायला निघाले होते.

नंतर डीजे आले. बे एरियात हाही एक फिलिपिनो अध्याय आहे. १९८० च्या दशकात इथल्या आणि शेजारच्या डेली सिटीतल्या फिलिपिनो पोरांनी गॅरेजमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये डीजे क्रू काढले. त्याच वातावरणातून क्यूबर्टसारखा स्क्रॅचिंगमधला दादा माणूस आला.

आणि पुन्हा गोवा आठवलाच. चर्चमध्ये पाश्चात्त्य नोटेशन शिकलेले गोवेकर मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा त्यांनी उभे केले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्याचेच. तसेच विसाव्या शतकात शांघाय-हाँगकाँगच्या हॉटेलांतून फिलिपिनो बँड वाजायचे. स्टेजवर नाव दुसऱ्याचं, सूर यांचे.

इथे कोण राहायचं?

चारच्या सुमाराला ऊन उतरलं. गार वारा सुटला (सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑगस्टला स्वेटर लागतो, कुणी सांगत नाही). मी हालो-हालो खात होते. बर्फाचा किस, दूध, गोड कडधान्यं, जेली, वर उब्याचं आइसक्रीम. हालो म्हणजे ‘मिसळ’. हालो-हालो म्हणजे ‘मिसळ मिसळ’. पुणेकरांनो, नोंद घ्या. मी सहज म्हटलं, ‘‘आते, जागा किती मस्त निवडलीय तुम्ही लोकांनी. एकदम शहराच्या मध्यात!’’

ती हसली नाही. समोरच्या धबधब्याकडे बोट दाखवत म्हणाली, ‘‘माझ्या लोलोचा भाऊ इथे राहायचा. कुठेतरी इथेच.’’

मी लॉनकडे पाहिलं. लॉनवर कोण राहणार?

तिने सांगितलं ते असं. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला हरवलं आणि पॅरिसच्या तहात दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स घेतलं. स्पेनविरुद्ध उठून स्वातंत्र्य जाहीर केलेल्या फिलिपिनोंना मग अमेरिकेशीही लढावं लागलं. ते हरले. १९४६ पर्यंत त्यांचा देश अमेरिकेच्या ताब्यात होता. मी ज्या युनियन स्क्वेअरच्या उंच खांबाला टेकून कॉफी प्यायले होते, तो खांब मनिलाच्या उपसागरातल्या त्याच १८९८ च्या विजयाचं स्मारक आहे. चार वेळा फोटो काढले होते त्याचे. पाटी एकदाही वाचली नव्हती.

१९२० आणि १९३० च्या दशकांत तिथली तरुण पोरं हजारोंनी अमेरिकेत आली. जवळजवळ सगळे पुरुष, एकटे. उन्हाळ्यात अलास्कात मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत, मग कॅलिफोर्नियाच्या शेतांत अ‍ॅस्परॅगस, द्राक्षं. काम संपलं की सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्वस्त हॉटेलांत एकेक खोली. गोऱ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी, १९३३ मध्ये ती मुद्दाम फिलिपिनोंनाही लावली. १९३४ च्या कायद्याने वर्षाला फक्त ५० फिलिपिनोंना प्रवेश. म्हणजे गावाकडून बायको आणायची सोय नाही आणि इथे संसार करायची परवानगी नाही. ती पोरं तशीच म्हातारी झाली. त्यांना ‘मानोंग’ म्हणतात, म्हणजे दादा. १९६५ चा डेलानोचा द्राक्षमळ्यांचा प्रसिद्ध संप आठवा. आपल्याला त्यातलं सीझर चावेझ हे नाव ऐकून माहीत असतं. पण ८ सप्टेंबरला काम बंद केलं ते लॅरी इटलिऑंगच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी. चावेझ यांची संघटना आठवडय़ाभराने सामील झाली.

आतेच्या आजोबांचा भाऊ त्यांतलाच एक. एकोणिसाव्या वर्षी आला, साठी उलटेपर्यंत मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडच्या एका हॉटेलात राहिला. एक खोली, एक गॅसची शेगडी, सामायिक संडास. आणि मग शहराला इथे कन्व्हेन्शन सेंटर हवं झालं. रिडेव्हलपमेंट! हॉटेलं गेली, खोल्या गेल्या, हजारो म्हातारी माणसं हलवली गेली. रहिवासी कोर्टात गेले, भांडले, आणि त्यांच्यातल्या काहींसाठी आसपास स्वस्त घरं बांधून घेतली. आतेच्या आजोबांना ते काही मिळालं नाही. ते स्टॉकटनला एका पुतण्याच्या गॅरेजमध्ये गेले. आतेची आई नर्स म्हणून अमेरिकेत आली, तेव्हा एकदाच त्यांना भेटली. ‘‘आईने अदोबो नेला होता,’’ आते म्हणाली. ‘‘ते जेवले आणि म्हणाले, चाळीस वर्षांत बाईच्या हातचं पहिल्यांदा खाल्लं.’’

स्टेजवर कुणीतरी प्रेमगीत गात होतं. आतेने रिकाम्या डब्यात उरलेली पान्सित भरायला घेतली. मला एकदम त्या डब्यांचं हसू येईनासं झालं.

पाट्या वाचत फिरणं

रविवारी मी एकटीच निघाले. पण या वेळी पाट्या वाचत.

गार्डन्सच्या दक्षिणेला दोन चौक गेलात की छोट्या गल्ल्या लागतात. रिझाल स्ट्रीट. माबिनी स्ट्रीट. बोनिफासिओ. तांदांग सोरा. लापू-लापू. सगळे फिलिपिन्सचे नायक. होसे रिझाल हा कादंबरीकार, ज्याला स्पॅनिशांनी गोळ्या घातल्या. लापू-लापू हा माक्तान बेटाचा प्रमुख, ज्याच्याशी लढताना १५२१ मध्ये मॅगेलन मेला. १९७९ मध्ये ही नावं दिली गेली. गल्ल्या इतक्या लहान की दोन मिनिटांत संपतात. पण अमेरिकन शहराच्या नकाशावर मॅगेलनला हरवणाऱ्याचं नाव आहे, ही साधी गोष्ट नाही.

तिथून उत्तरेला पाऊण तास रमतगमत चालले, कर्नी स्ट्रीटपर्यंत. इथे एकेकाळी मनिलाटाऊन होतं. न्हाव्याची दुकानं, खानावळी, जुगाराचे अड्डे, दहा-एक चौकांची वस्ती. शेजारचं फायनान्शियल डिस्ट्रिक्ट वाढत वाढत ते गिळत आलं. शेवटी उरलं इंटरनॅशनल हॉटेल, लोकांच्या तोंडी आय-हॉटेल. मालकाला ते पाडायचं होतं. भाडेकरू, म्हणजे बहुतेक म्हातारे फिलिपिनो आणि चिनी कामगार, जवळजवळ नऊ वर्षं नाही म्हणत राहिले. विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे शेकडो पोलीस आले. बाहेर सुमारे तीन हजार लोकांनी हातात हात घालून साखळी केली होती. पोलिसांनी ती तोडली आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. इमारत पाडली. पण गंमत पुढे आहे. त्या जागेवर मालकांना हवा तो टॉवर काही उभा राहू शकला नाही. लोकांनी मागणी सोडलीच नाही. वर्षानुवर्षं तिथे नुसता खड्डा होता. आणि २००५ मध्ये त्याच जागेवर, त्याच नावाने नवी इमारत उभी राहिली. वृद्धांसाठी परवडणारी शंभरावर घरं आणि तळमजल्यावर मनिलाटाऊनचं केंद्र. बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक तोवर जग सोडून गेले होते.

मी गेले तेव्हा दारात एक चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन कुलूप उघडत होत्या. बस्स, एवढंच दृश्य. पण त्या कुलुपासाठी अठ्ठावीस वर्षं लागली होती.

येताना माझ्या डोक्यात लोअर परळ घोळत होतं. माझं मुंबईतलं ऑफिस तिथेच, एका जुन्या मिलच्या आवारात. काचेची इमारत, खाली कॅफे, शुक्रवारी रात्री लाइव्ह म्युझिक. तुमच्यापैकी कित्येकांचं असंच असेल. मानोंगांच्या त्या खोल्या ऐकल्यावर मला गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या आठवल्या. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस गडी, पाळ्यांनी झोपायचे. बायका-पोरं कोकणात नाहीतर घाटावर. जेवण खानावळवाल्या बाईकडे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच संपल्या. जमिनी राहिल्या. त्यांचं काय झालं ते आपण रोज लिफ्टमधून बघतो.

आणि आपणही जत्रा भरवतो की! मैदानात मांडव, कोंबडी-वडे, खाजा, स्टेजवर दशावतार. पोट भरतं, डोळे भरतात. पण पिस्ताहानच्या दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट कळली. त्या लॉनवर दोन दिवस गाव वसतं ते फक्त जेवण चांगलं म्हणून नाही. आसपासच्या गल्ल्यांना नावं मिळवणारे, कोर्टात जाऊन घरं बांधून घेणारे, खड्डय़ासाठी भांडत राहणारे लोक होते म्हणून. त्यामुळेच २०१६ मध्ये शहराने या भागाला ‘सोमा पिलिपिनास’ म्हणून सांस्कृतिक वस्तीचा अधिकृत दर्जा दिला. नाहीतर जत्रा म्हणजे ज्या घरातून काढलं, त्याच घरात पाहुणे म्हणून जेवायला येणं.

रविवारी रात्री आठला घरी फोन लावला. मुंबईत सोमवारचे साडेआठ. बाबांनी उचलला.

‘‘बाबा, आजोबा मिलमध्ये नेमके कुठे होते?’’

‘‘साचेखात्यात. का गं?’’

‘‘पण मिल कुठली?’’

त्यांनी नाव सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘अगं, तुझ्या ऑफिसच्या गेटातून डावीकडे वळलीस ना, की तेच आवार. तुला माहीत नव्हतं?’’

तीन वर्षं मी त्या गेटातून कार्ड स्वाइप करून जात होते. डावीकडे पार्किंग आहे. मी काही बोललेच नाही. तेही गप्प. मागे आईच्या कुकरची शिट्टी झाली.

‘‘जेवलीस का?’’ बाबांनी विचारलं.

‘‘हो बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘दोन दिवस नुसती जेवतेय.’’

जायचंय?

कधी : ऑगस्टमधला एक शनिवार-रविवार. परेड शनिवारी असते. तारखा दरवर्षी आधी बघून घ्या.

कसं : बार्टने पॉवेल किंवा मॉंटगोमेरी स्टेशन, तिथून चालत. गाडी नेऊ नका, पार्किंगच्या पैशांत दोघांचं जेवण होतं.

काय खाल : अदोबो, सिसिग, बिबिंगका, हालो-हालो. शाकाहारी असाल तर तुरोन (केळ्याचा कुरकुरीत गोड रोल) आणि उब्याचं काहीही. भाज्यांचे लुंपिया विचारून घ्या, पान्सितही विचारूनच, त्यात बहुधा मांस किंवा कोळंबी असते.

काय शिकून जाल : दोन शब्द. ‘सलामात’ म्हणजे धन्यवाद. ‘मसाराप’ म्हणजे चविष्ट. आणि काही शब्द न शिकताच येतील : शिक्षक म्हणजे ‘गुरो’, चेहरा म्हणजे ‘मुखा’, आशा म्हणजे ‘आसा’. संस्कृत आपल्या आधीच तिथे पोचलंय.

काय न्याल : स्वेटर, सुट्टे पैसे आणि रिकामा डबा. लाजू नका.

काय बघाल : रिझाल ते लापू-लापू या गल्ल्या आणि कर्नी स्ट्रीटवरचं आय-हॉटेल. रविवारी सकाळी, पोट पुन्हा भरायच्या आधी.